माळ्यावरचा टीव्ही गेम: आधी प्लग लावू नका

दर दिवाळीला आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराचा माळा रिकामा होतो आणि दर दिवाळीला आई एकेक वस्तू वर धरून विचारते, "हे टाकायचं का?" यंदा तिच्या हातात जो खोका आला, त्यावर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं: "गेम. हात लावू नये." ही सूचना अर्थातच माझ्यासाठी होती. १९९६ साली मी आठ वर्षांची होते आणि घरात हात लावणारी दुसरी कोणी नव्हती.

आत सगळं शाबूत होतं. राखाडी मशीन, दोन रिमोट, एक बंदूक, तीन पिवळ्या कॅसेट आणि विटेसारखा जड अडॅप्टर. माझा हात थेट प्लगकडे गेला. महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एक दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांना नुसतं कळवावं म्हणून आधी फोन केला हे नशीब. ते म्हणाले, "दीदी, लगाना मत. मशीन नहीं मरती, अडॅप्टर मरता है. और मरते मरते मशीन को ले जाता है."

पुढचे आठ दिवस मी त्या एका वाक्यावर काढले. तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल तर क्रम हाच ठेवा: आधी करंट, मग कॅसेटचा संपर्क, मग टीव्ही, सगळ्यात शेवटी रिमोट आणि बंदूक. क्रम चुकला की चांगल्या मशीनला आपण मेलेलं ठरवतो.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

नव्वदच्या दशकात इंदुरातल्या बहुतेक घरांत जे आलं ते अस्सल निन्टेन्डो नव्हतं. निन्टेन्डोने जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' आणला. त्याच्या नकला तैवान, हाँगकाँग, चीनमधून जगभर गेल्या आणि आपल्याकडे 'मीडिया'सारख्या नावांनी दुकानात लागल्या. आपण सगळ्यांनाच 'टीव्ही गेम' म्हणायचो. ओळख सोपी आहे: कॅसेट उलटी करून तळाच्या सोनेरी पट्ट्या मोजा. दोन्ही बाजू मिळून ६० असतील तर फॅमिकॉमच्या घराण्यातली. अमेरिका-युरोपातल्या निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२ पट्ट्या असतात आणि ती रुंदही असते. ती आपल्या खाचेत जात नाही, तेव्हा जोर लावू नका.

काळी रुंद कॅसेट आणि मशीनवर 'मेगा ड्राइव्ह' असेल तर ते सेगाचं, १६ बिटचं. सीडी लागत असेल तर प्लेस्टेशन, जपानमध्ये डिसेंबर १९९४ला आलेलं. या दोघांनाही खालचा बराचसा भाग लागू पडतो, पण मी स्वतः जे उघडलं ते आठ बिटवालंच, त्यामुळे बोलणार त्याच्याबद्दल. प्लेस्टेशनबद्दल एकच सांगते. सीडी अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष लेन्सच्या भागात असतो. मशीन उलटं ठेवून खेळायची युक्ती तेव्हा पोरं करायची, ती थोडे दिवस चालतेही, पण तो उपाय नव्हे.

पहिली पायरी: अडॅप्टर

इथे घाई करायची नाही. अडॅप्टरवरचा कागद वाचा. 'आउटपुट'पुढे किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर आणि डीसी की एसी, हे लिहिलेलं असतं. या नकली मशीनना बहुतेक ९ व्होल्ट डीसी लागतं. त्याच कागदावर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन्ही बाजूंना अधिक आणि उणेची खूण. ठिपक्याची रेघ ज्या खुणेला जोडलेली, ती पिनेच्या आतल्या भागाची. मूळ फॅमिकॉममध्ये आत उणे आणि बाहेर अधिक असतं, त्याच्या बऱ्याच नकलांतही तसंच. आपल्या घरातल्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर नेमका उलटा असतो, आत अधिक. "पिन बसतेय ना, मग लाव" हा विचार इथेच महागात पडतो.

मशीनवरचा कागद पुसला गेला असेल तर? मल्टिमीटर (व्होल्ट आणि तारांची जोडणी तपासायचं मीटर) बीपवर लावा. मशीन उघडा (कसं ते पुढे येतंय), आत पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा काळा तुकडा शोधा. त्यावर ७८०५ लिहिलेलं असेल. त्याचा मधला पाय आणि पाठीवरचा धातू म्हणजे उणे. मीटरची एक तार तिथे टेकवा आणि दुसरी अडॅप्टरच्या खाचेत आधी मधल्या काडीला, मग कडेच्या पत्र्याला. जिथे बीप वाजेल ते उणे. दोन्हीकडे वाजलं किंवा कुठेच नाही वाजलं तर पुढे जाऊ नका, जाणकाराकडे न्या.

आता जुना अडॅप्टर मशीनशिवाय भिंतीत लावून मीटरने मोजा. मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर रिकामे असताना जास्तच दाखवतात, भार पडला की खाली येतात. पण आकडा नाचत असेल, वायर कुठे कडक होऊन तडकली असेल, किंवा डब्याला जळका वास असेल तर त्याला निरोप द्या. आमच्या अडॅप्टरची वायर बुंध्याशी हात लावताच तुटली. नवा घेताना जुना सोबत न्या, पिनेची जाडी जुळवा, व्होल्ट तेवढेच ठेवा. अँपिअर जास्त चालतात, मशीन लागेल तेवढेच ओढतं. ९ व्होल्टच्या जागी १२चा मात्र आणू नका. तो ७८०५ आत येणारे सगळे व्होल्ट ५वर आणतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. जितके जादा व्होल्ट, तितका तो तापणार. लहानपणी तासाभराने मशीनचं पोट गरम लागायचं आणि आई "आता बंद करा, फुटेल" म्हणायची, त्याचं मूळ हे होतं. फुटलं कधीच नाही, पण आईला कोण सांगणार.

दुसरी पायरी: उघडणं आणि साफसफाई

नकली मशीनचे स्क्रू साध्या चौफुली पेचकसाने निघतात. अस्सल निन्टेन्डो आणि सेगाच्या बऱ्याच कॅसेट-मशीनचे स्क्रू आत घुसलेल्या कडेचे असतात, त्यांना खास टोक लागतं: कॅसेटला ३.८ मिलिमीटर, मशीनला ४.५. कवच उचलताना हळू. वरच्या भागातून खालच्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) जाणाऱ्या तारा आखूड असतात. आधी मोबाइलवर फोटो काढा.

आमच्यात धूळ होती, झुरळाची अंडी होती आणि, कसं कोण जाणे, शेवेचा एक तुकडा. तीस वर्षांत तो जसाच्या तसा. रंगवायच्या मऊ ब्रशने सगळं झटका. मग फुगलेले कंडेन्सर आहेत का पाहा: उभ्या गोल डब्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट असेल तर बदलावं लागतं. डब्यावर लिहिलेला मायक्रोफॅराडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि कडेची उण्याची पट्टी उण्याच्याच भोकाकडे. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर हे काम काकांवर सोपवा. त्यांना पाच मिनिटं लागतात, आपण पाटीवरचा तांब्याचा पदर उचकटतो.

कंडेन्सर ठीक असतील तर अडॅप्टर लावून मशीन चालू करा, कॅसेट न घालता, आणि ७८०५ मोजा. आकडे समोर ठेवून पाहिलं तर डावा पाय आत येणारा, मधला उणे, उजवा बाहेर जाणारा. डावीकडे ९च्या आसपास आणि उजवीकडे ५ मिळाले की मशीनला अन्न पोचतंय. डावीकडे आहेत आणि उजवीकडे नाहीत, तर ७८०५ गेला. तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चॉकलेटच्या भावात मिळतो. मोजताना मीटरची दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

तिसरी पायरी: कॅसेटमध्ये फुंकू नका

हो, मलाही वाईट वाटलं. फुंकणं हा आमचा विधी होता. दादा फुंकायचा, मग मी, मग वाड्यातला एखादा शहाणा "द्या इकडे" म्हणून शर्टाला पुसून फुंकायचा आणि त्याच्या हातून चालायचं. खरं कारण एवढंच, की दर वेळी कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पट्ट्या थोड्या घासल्या जायच्या आणि संपर्क जुळायचा. फुंकरीतला ओलावा उलट पट्ट्यांवर काट चढवतो.

त्याऐवजी औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं. कान साफ करायची काडी भिजवून पट्ट्यांवर उभ्या दिशेने फिरवा, काडी काळी निघेल, दुसरी घ्या, स्वच्छ निघेपर्यंत. हिरवट डाग राहिले तर शाळेचं पांढरं मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने. पॉलिश पेपर नको, सोन्याचा मुलामा गेला की पट्टी गेली. मशीनच्या खाचेसाठी मी जुन्या एटीएम कार्डावर पातळ सुती कापड गुंडाळलं, त्याला अल्कोहोल लावून चारपाच वेळा आतबाहेर केलं. दहा मिनिटं वाळू द्या.

तरी चालली नाही तर कॅसेट उघडून पाहा. आत बऱ्याचदा चिपऐवजी काळ्या डांबरासारखा थेंब दिसेल. चिप त्या थेंबाखाली चिकटवलेली असते. तो मेला तर त्या कॅसेटला इलाज नाही. आमच्या तीनपैकी एक अशीच गेली, आणि तीही नेमकी 'रोड फायटर'ची.

चौथी पायरी: आजचा टीव्ही

इथे लोक सर्वांत जास्त अडकतात, मी दोन दिवस अडकले. मशीनच्या मागे किंवा बाजूला दोन भोकं असतील तर पिवळं चित्राचं, पांढरं किंवा लाल आवाजाचं. आवाज एकाच वायरीतून येतो, टीव्हीच्या पांढऱ्यात लावा. टीव्हीला पिवळं भोक दिसत नसेल तर हिरवं शोधा. बऱ्याच टीव्हींत हिरव्याभोवती पिवळी कडा असते, म्हणजे ते दोन्ही कामाचं. काहींत हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याला टीव्हीच्याच कंपनीची तुकडा-वायर लागते. बाजारातली दुसरी लावली तर चित्राच्या जागी आवाजाची तार येऊ शकते, कारण प्रत्येकाची जोडणी वेगळी.

एकही भोक नसेल तर छोटा डबीसारखा कन्व्हर्टर घ्यायचा. विकत घेताना डबीवरचा बाण बघा: एव्हीपासून (म्हणजे त्या पिवळ्या-पांढऱ्या वायरींपासून) एचडीएमआयकडे जाणारा हवा. उलट्या दिशेची डबी दिसायला हुबेहूब तशीच असते. मी तीच आणली, संध्याकाळभर निळा पडदा पाहिला आणि मशीनला दोष दिला. डबीला स्वतःचा करंटही लागतो, टीव्हीच्या यूएसबीतून मिळतो.

आता लक्षणं वाचा. मशीन चालू केल्यावरही टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणत असेल तर दोष वायरीत, डबीत किंवा निवडलेल्या इनपुटमध्ये. ती सूचना जाऊन पडदा नुसता काळा, राखाडी किंवा एकरंगी झाला तर सिग्नल पोचतोय, कॅसेटचा संपर्क नाही. मागे तिसऱ्या पायरीवर जा. अक्षरं, चौकोन विस्कटलेले दिसले तर काही पट्ट्या लागल्यात, काही नाहीत. चित्र काळंपांढरं आलं तर रंगपद्धती जुळलेली नाही, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पाल' किंवा 'ऑटो' करा.

एक मात्र दोष समजू नका: एका ओळीत बरेच शत्रू आले की ते लुकलुकतात. हे यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकतं, म्हणून जास्त झाली की आळीपाळीने दाखवलं जातं. ते १९८३मध्येही तसंच होतं.

चित्र आलं की टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिरा उडतो आणि खड्ड्यात जातो. आकार ४:३ ठेवा. सोळा-नऊवर मारिओ सराफ्यातल्या खाऊगल्लीत रोज रात्री जाऊन आल्यासारखा दिसतो.

जुन्या मशीनला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावून, मशीन चालू ठेवून, अॅनालॉग चॅनेल शोधायला लावा. आम्ही तेव्हा हेच करायचो, दूरदर्शनच्या बाजूचं एक चॅनेल गेमचं. चित्र मुंग्यांसारखं येतं. एव्ही उपलब्ध असेल तर हे सोडा.

चाल बदललीय असं वाटतंय?

मोबाइलवर कुणी तुम्हाला मारिओ दाखवला आणि तो भरभर पळतोय असं वाटलं, तर तुमची आठवण बरोबर आहे. जपान-अमेरिकेचं मूळ यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढायचं. आपल्या पाल टीव्हीसाठी बनलेलं मशीन ५० काढतं. खेळ चित्रांच्या तालावर चालतो, त्यामुळे तिथे ज्याला पाच मिनिटं लागायची त्याला इथे सहा. धूनही तशीच सावकाश. म्हणजे मारिओची जी चाल आम्ही गुणगुणत मोठे झालो, ती मुळात याहून जलद होती. मला दोन्ही ऐकल्यावर आपलीच बरी वाटली. मूळवाला जरा धापा टाकतो.

रिमोट आणि बंदूक

रिमोटचे पाच-सहा स्क्रू काढले की आत रबरी चादर निघते, तिच्या प्रत्येक बुडाला काळी टिकली. बटण दाबलं की टिकली पाटीवरच्या दोन रेघा जोडते. पाटी अल्कोहोलने पुसा, टिकली नुसत्या कोरड्या कापडाने, घासून नव्हे. शेव खाऊन खेळलेल्या घरांत हे काम जास्त असतं. एखादीच दिशा चालत नसेल तर वायर बुंध्याशी आतून तुटली असण्याची शक्यता मोठी, मीटरच्या बीपने कळतं.

आमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हतेच. मूळ फॅमिकॉमची ती रचना: दुसऱ्याला माइक दिला, स्टार्ट नाही दिला. खेळ सुरू करणं, थांबवणं, पाणी प्यायला जाणं, सगळं पहिल्याच्या मर्जीवर. मारिओत तर दुसऱ्याची पाळी पहिला मेल्यावरच येते. दादा फार कमी मरायचा.

बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही, कितीही साफ करा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी पकडतो. बंदूक उजेड सोडत नाही, घेते. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलसीडी-एलईडीला चित्र दाखवायला लागणारा वेळ वेगळा आणि त्यांच्या उजेडाची लय निराळी, त्यामुळे 'डक हंट'चा कुत्रा हसतच राहतो. हौसच असेल तर एखाद्या मावशीकडे कापड पांघरलेला डबा टीव्ही मिळतो. मिळाला तर त्याचं मागचं झाकण कधीही उघडू नका. बंद करून ठेवला तरी काचेच्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. तिथे काकासुद्धा एक हात खिशात ठेवून काम करतात.

चाललं की काय खेळाल

कॅसेटवरच्या '९९९९९९९ इन १'वर विश्वास तेव्हाही नव्हता. आत मोजके खेळ, बाकी तेच वेगळ्या पायरीपासून. पण ते मोजके काय होते! 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५चा, आणि सगळा खेळ ४० किलोबाइटचा. रोज सकाळी मावशीकडून येणारा गुलाबाचा फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकाच चित्रातून केलंय, फक्त रंग बदलून. आता खेळताना बघा, दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि त्यात खेळ साठवायची सोय नाही. आठव्या जगात पोचलो की लाईट जायची, हा आमच्या पिढीचा इंदुरी अनुभव. इन्व्हर्टर लावून घ्या.

'काँट्रा'ला तीस जीव हवे असतील तर खेळाचं नाव दिसतं त्या पडद्यावर: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघांना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा मंत्र 'काँट्रा'च्याच कंपनीतल्या, कोनामीच्या, काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या 'ग्रॅडियस'साठी घातला होता, कारण तपासताना तो खेळ त्यांना स्वतःलाच जड जात होता. काही मिक्स कॅसेटवर मंत्राऐवजी जीव निवडायची यादीच येते.

परत ठेवताना

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. मी केलं नाही, तुम्हीही नका करू. डाग डाग उठतात आणि प्लास्टिक ठिसूळ होतं असा धोका आहे, आणि तो रंग आपल्याच खोलीतल्या उन्हाने आणलाय. जुना अडॅप्टर, मेलेली कॅसेट कोरड्या कचऱ्यात टाकू नका. इंदुरात कचऱ्याच्या गाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, तिथे द्या. पावसाळ्यापूर्वी मशीन प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे तर सुती कापडात गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वायरींना घट्ट गाठ नको, सैल वेटोळं. आणि माळ्यावर नको. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याखालच्या माळ्यावर रबर चिकट होतं.

दादा धनत्रयोदशीला पुण्याहून येतोय. दोन्ही रिमोट पुसून, तपासून ठेवलेत. स्टार्टचं बटण असलेला माझ्या कपाटात आहे, आणि कपाटावर कागद चिकटवलाय: हात लावू नये.